स्वस्त राउटर आणि खाचेची बिटं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राउटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने, म्हणजे बिटाने, लाकूड कोरणारं विजेचं यंत्र. घरच्या घरी कपाट, ड्रॉवर, पुस्तकांची मांडणी करायला निघालेल्या लोकांचे राउटरबद्दलचे प्रश्न साधारण तेच असतात. बहुतेकांना यंत्राकडून मुळात एकच काम हवं असतं: फळीत सरळ, हव्या त्या रुंदीची, सपाट तळाची खाच. कडांना गोलाई, नक्षी, दारावरच्या नावाच्या पाट्या हे सगळं नंतरचं. त्यामुळे उत्तरं खाचेच्या बाजूने दिली आहेत. किमती ढोबळ धरा, पुण्याच्या बोहरी आळीत दोन दुकानांत दोन भाव ऐकू येतात.

पहिलं यंत्र म्हणून ट्रिमर घेऊ की मोठा राउटर?

ट्रिमर. सनमायकाची कड छाटायला सुतार एका हातात धरतात तोच. वजन दीड-दोन किलो, ताकद ५०० ते ७०० वॅट, आणि बिटाचा दांडा ६ किंवा ६.३५ मिमीचा. ड्रॉवरच्या तळाची झिरी, कपाटाच्या पाठीची झिरी, शेल्फ बसवायची खाच, कडेला मारायचा पताम (पायरीसारखी खाच), हे सगळं त्यावर होतं. फक्त एका दमात होत नाही, दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. घरी काम करणाऱ्याला तेवढा वेळ असतो.

मोठा राउटर पाच-सहा किलोचा असतो. सागवानी चौकटीत खोल खोबणी मारायच्या असतील, मोठा स्लॉट कटर (कडेत आडवी झिरी पाडणारी चकती) लावायचा असेल किंवा यंत्र टेबलाखाली कायमचं उलटं टांगायचं असेल तर तो घ्या. नुसत्या हौसेखातर पहिलाच मोठा घेतलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत. पहिल्यांदा बटण दाबल्यावर जो हिसका बसला, त्यानंतर यंत्र खोक्यात गेलं ते गेलंच.

वॅट किती असावेत?

खोक्यावरचा आकडा वाचू नका, यंत्राला चिकटवलेली पाटी वाचा. पाटीवर अँपिअर दिले असतील तर त्यांना २३० ने गुणा. २.३ अँपिअर म्हणजे साधारण ५३० वॅट. खोक्यावर ११०० छापलंय आणि पाटीवर अडीच अँपिअर आहेत, तर तो ११०० छापखान्यात तयार झालेला आहे. शिवाय पाटीवरचे वॅटसुद्धा यंत्र तारेतून किती ओढतं ते सांगतात. बिटापर्यंत त्याहून कमीच पोचतात.

ट्रिमरला खरे ५०० वॅट असले की खाचेचं काम निघतं.

कॉलेट ६ मिमीचं की ६.३५ चं? एवढ्याशा फरकाने काय होतं?

कॉलेट म्हणजे बिटाचा दांडा पकडणारी, चिरा असलेली नळी. माझ्या टेबलाखाली ड्रॉवरची एक बाजू जपून ठेवली आहे. १२ मिमी प्लाय, लांबी दीड फूट. तिच्यात तळासाठी ६ मिमी खोल झिरी मारायची होती. सुरुवातीला झिरी बरोबर सहाची आहे. चार बोटं पुढे सात. मध्यावर नऊ. शेवटच्या दोन इंचांत बिट पलीकडून बाहेर आलंय आणि खालचं टेबलही कोरलंय. यंत्राचा आवाज बदलला नव्हता, हाताला वेगळं काही लागलं नव्हतं. कारण एवढंच, की बिट ६ मिमी दांड्याचं होतं आणि कॉलेट पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीचं. नट मी पान्याने करकचून आवळला होता. कॉलेट मिटून दांड्याला टेकलं होतं, पण सगळ्या बाजूंनी धरलं नव्हतं. कंपनं सुरू झाली तसं बिट कणाकणाने खाली सरकत गेलं.

दुकानदार सांगतो, ‘साहेब, चालतं, सगळे वापरतात.’ चालत नाही. नशीब चांगलं असेल तर ड्रॉवर जातो, नसेल तर मिनिटाला तीस हजार फेऱ्यांनी फिरणारं बिट सुटून बाहेर येतं. १२ मिमीचं बिट १२.७ च्या कॉलेटमध्ये लावण्याचा प्रकारही तोच.

आपल्याकडची अडचण अशी की बाजारात दोन्ही मापं शेजारीशेजारी टांगलेली असतात. यंत्र कुठलं, त्यावर कॉलेट ठरतं. सुतार मंडळी सुतात बोलतात: एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, दोन सूत म्हणजे ६.३५ मिमी, चार सूत म्हणजे १२.७. कोणी ‘दोन सुताचं बिट’ म्हणालं तर ते दांड्याचं माप की पात्याचं, हे विचारून घ्या. दुकानात व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) नेला तर जरा विचित्र वाटतं, पण न्या. प्लॅस्टिकचा दीडशे-दोनशे रुपयांचा असला तरी या कामाला पुरतो.

पहिल्यांदाच घेत असाल तर ६.३५ चं कॉलेट बघा. त्या मापाच्या बिटांत निवड जास्त मिळते. आणि ज्या ट्रिमरचं कॉलेट वेगळं विकत मिळत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. कॉलेट झिजतं, मोटरमधल्या कार्बन ब्रशसारखंच.

बिट बसवायची पद्धत काय?

आधी प्लग काढा. बिट पूर्ण आत सारा, मग दोन-तीन मिमी वर ओढा आणि आवळा. तळाला टेकलेलं बिट आवळलं तर ते घट्ट झाल्यासारखं वाटतं, पण धरलं जात नाही. दांडा आणि पातं मिळतात तिथे थोडी गोलाई असते, तिच्यावरही कॉलेट आवळायचं नाही. दांड्याचा किमान तीन चतुर्थांश भाग आत हवा. खोली मिळेना म्हणून बिट बाहेर काढून बसवायचा मोह होतो, त्यापेक्षा लांब बिट आणा.

नाव नसलेलं यंत्र घेतलं तर चालेल का?

ट्रिमरमध्ये चालतं. अडीच-तीन हजारांच्या यंत्रावर लोकांनी वर्षानुवर्षं कामं केली आहेत. मोठ्या राउटरबाबत मी जास्त सावध राहीन. बाजारातल्या बऱ्याच मोठ्या स्वस्त राउटरवर ‘३६१२’ असा आकडा दिसतो. तो मूळचा मकिता कंपनीच्या १२ मिमी राउटरचा मॉडेल नंबर, त्याच्या नकला सगळीकडे आहेत. काही नकला ठीक असतात, काहींचे वर-खाली सरकायचे दांडे पहिल्या महिन्यात डुगडुगतात, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मूळ ३६१२ ला वेग एकच आहे, २२,००० फेरे. नकलांमध्येही बहुधा तेच. हे खाली स्लॉट कटरच्या प्रश्नात कामाला येईल.

दुकानातच पारखता येतं. मी करतो ते असं. मोटर बेसमध्ये, म्हणजे यंत्राच्या बैठकीत, आवळून हलवून पाहतो. हललं तर खाचेची रुंदी कधीच एकसारखी येणार नाही. नट काढून कॉलेट हातात घेतो, आत खडबडीत लागलं, चिरा वाकड्यातिकड्या दिसल्या तर परत ठेवतो. मग सरळ, लांब दांड्याचं बिट लावून यंत्र बंद असतानाच स्पिंडल (मोटरचा फिरता दांडा) बोटाने फिरवतो आणि बिटाच्या टोकाकडे एखाद्या स्थिर कडेवरून नजर लावतो. टोक डोळ्याला डोलताना दिसलं तर ते यंत्र नको, कारण ६ मिमीचं बिट मग साडेसहाची झिरी पाडणार. खोलीचा स्क्रू आवळून बेस टेबलावर दाबतो. सरकला तर विषय संपला. शेवटी कार्बन ब्रशची झाकणं बाहेरून उघडतात का ते बघतो आणि त्याच दुकानात ब्रशची एक जोडी लगेच विकत मागतो. ‘ते नंतर मागवून देऊ’ असं उत्तर आलं की पुढच्या दुकानात जातो.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्यात बोहरी आळीत दुकानं एकाला लागून एक आहेत, त्यामुळे पुढचं दुकान दहा पावलांवर असतं. ऑनलाइन घेताना यातलं काहीच करता येत नाही. तिथे परतीची मुदत हाच काय तो आधार, आणि ही पारख त्या मुदतीत घरी करायची.

वेग कमी-जास्त करायची सोय हवी का?

हवीच असं नाही, पण मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या. मकिताच्या आरटी०७०० मालिकेत वेग १०,००० ते ३०,००० पर्यंत बदलतो आणि भार आला तरी टिकवून धरला जातो. स्वस्त ट्रिमर एकाच वेगाने, तीस-पस्तीस हजारांवर फिरतो. ६ मिमीच्या बिटाला तो वेग योग्यच आहे. बिटाचा व्यास वाढला की गणित बदलतं. ३०,००० फेऱ्यांवर ६ मिमी बिटाची कड सेकंदाला साधारण साडेनऊ मीटर जाते. त्याच वेगावर पावणेदोन-दोन इंची कटर लावला तर ती ७५ मीटर जाईल, म्हणजे ताशी २७० किलोमीटर. अशा बिटांच्या दांड्यावर किंवा पाकिटावर जास्तीत जास्त वेग लिहिलेला असतो. नसेल तर ते बिट घेऊ नका.

पंख्याचा रेग्युलेटर जोडून वेग कमी करायचा उद्योग करू नका. रेग्युलेटर तेवढ्या भारासाठी नसतो, आणि वेगासोबत ताकदही जाते.

खाचेसाठी नेमकी कोणती बिटं घ्यायची?

तीन. यापेक्षा जास्त पहिल्या वर्षात लागत नाहीत.

पहिलं, ६ मिमी किंवा ५ मिमीचं दोन धारांचं सरळ बिट, कार्बाइड टोकाचं. ड्रॉवरचे तळ आणि कपाटाच्या पाठी यावर निघतात. पाचचं सहापेक्षा जास्त उपयोगी का, ते खाली प्लायच्या प्रश्नात आहे.

दुसरं, १२ मिमीचं सरळ बिट. १८ मिमी शेल्फच्या खाचेसाठी आणि पतामासाठी. १८ मिमीचं एकसंध बिट ट्रिमरमध्ये घालू नये. यंत्र रडतं आणि खाच मापात येत नाही ती नाहीच.

तिसरं, दांड्यावर बेअरिंग असलेलं सरळ बिट, दुकानात ‘पॅटर्न बिट’ म्हणतात. बेअरिंग गाईडला (खाच सरळ यावी म्हणून लावलेल्या पट्टीला) घासत जातं, त्यामुळे गाईडची कड तीच खाचेची कड होते, बेसचं अंतर मोजावं लागत नाही.

विकत घेताना बिटाचं टोक उलटं करून बघा. तळाच्या मध्यापर्यंत धार आली पाहिजे. काही सरळ बिटांना फक्त बाजूने धार असते. ती कडेतून आत शिरतात, फळीच्या मधोमध वरून उतरवली तर नुसती जाळतात. खाच मधूनच सुरू करायची असेल तर तळाची धार लागणारच.

पीळदार बिटं, म्हणजे स्पायरल, पूर्ण कार्बाइडची असतात आणि महाग पडतात. वर ओढणारं बिट भुसा बाहेर टाकतं, तळ छान काढतं, पण वरच्या कडेचे धागे उचकटतं. खाली दाबणारं बिट वरची कड वस्तऱ्यासारखी ठेवतं, मात्र भुसा खाचेतच कोंबतं, त्यामुळे फेऱ्या उथळ घ्याव्या लागतात. सनमायका किंवा व्हिनिअर लावलेल्या प्लायवर खाली दाबणारं बिट पैसे वसूल करतं. ते काँक्रीटच्या फरशीवर पडलं तर तुटतं, हे मी दोनदा अनुभवलं आहे.

हाय स्पीड स्टीलची बिटं स्वस्त मिळतात. मऊ पाइनला ठीक. सागवानात सिलिका असते, ती स्टीलची धार पाहता पाहता खाते. प्लायमधला डिंकही तेच करतो.

पंधरा बिटांचा लाकडी डबा घ्यावा का? किंमत तीन बिटांएवढीच आहे.

डब्यातली चार बिटं वापराल, अकरा गंजतील. ती चारही मध्यम प्रतीची असतील. गोलाई, ओगी (एस-वळण), व्ही असले आकार पुढे कधी लागतील याचा अंदाज घ्यायला हा डबा बरा आहे, खाचेसाठी नाही.

स्लॉट कटर म्हणजे काय आणि तो मला लागेल का?

आतापर्यंतची बिटं उभी उतरतात. स्लॉट कटर आडवा कापतो: दांड्यावर दोन-तीन पात्यांची चकती, खाली बेअरिंग. फळीच्या जाडीत, म्हणजे कडेत, आडवी झिरी पाडायची असेल तेव्हा तो लागतो. दाराच्या चौकटीत दिलहा (मधली फळी) बसवायचा, टेबलाच्या कडेला टी आकाराची पट्टी ठोकायची, फळ्या जोडताना मध्ये पट्टी किंवा बिस्किट (सांध्यातला चपटा लाकडी तुकडा) घालायचं, अशी कामं.

किती खोल कापेल ते सोपं आहे: चकतीच्या व्यासातून बेअरिंगचा व्यास वजा करा, अर्धं करा. चकती ४७.६ आणि बेअरिंग २२.२ असेल तर खोली १२.७ मिमी. बेअरिंग बदललं की खोली बदलते, म्हणून दोन-तीन बेअरिंगांसह मिळणारा संच घ्या.

बिस्किटांसाठी ४ मिमी जाडीची चकती लागते. २० नंबरचं बिस्किट साधारण ५६ मिमी लांब आणि २३ मिमी रुंद असतं, त्यामुळे १२.७ ची खोली त्याला बरोबर पुरते. लांबी मात्र पुरत नाही. बिस्किट जॉइनरची, म्हणजे याच कामाच्या खास यंत्राची, चकती मोठी असते, ती एकदाच आत घातली की पुरेशी लांब झिरी होते. राउटरच्या लहान चकतीने एका जागी कडेवर जेमतेम ४२ मिमीची झिरी पडते. म्हणून आत घातल्यावर यंत्र दोनेक सेंटिमीटर बाजूला सरकवायचं. पेन्सिलीने दोन खुणा करून ठेवल्या की चुकत नाही.

आता वेग. ४७.६ चा कटर तीस हजारांच्या ट्रिमरवर लावू नये. वेग बदलणारा राउटर असेल तर सोळा हजारांच्या आसपास ठेवा, कड तेव्हा सेकंदाला ४० मीटर जाते. नकली ३६१२ चा २२,००० हा एकच वेगही बऱ्याच कटरांना जास्त होतो. कटरवरचा आकडा बघून ठरवा.

ट्रिमरच असेल आणि कडेत झिरी हवीच असेल तर ४ किंवा ६ मिमीचं सरळ बिट लावा, फळी शिकंज्यात उभी धरा आणि दोन्ही बाजूंना जोडफळ्या लावून बेसला टेकायला जागा करा. वेळ लागतो, पण होतं.

१८ मिमी प्लायसाठी १८ ची खाच मारली तर शेल्फ खुळखुळतं. चूक कुठे होते?

चूक खाचेत नाही, प्लायमध्ये आहे. बाजारातली ‘१८ मिमी’ शीट बऱ्याचदा १७ ते १७.५ भरते. ‘६ मिमी’ म्हणून आणलेली ५.५ असते. वर तुमचं दोन सुताचं बिट ६.३५ ची झिरी पाडतं. पाऊण मिमीच्या वर फट पडली, ती गोंद भरत नाही. म्हणूनच वर ५ मिमीचं बिट म्हटलं. त्याने दोन फेऱ्यांत साडेपाचची झिरी होते. ६ च्या बिटाने होणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे ४ मिमीची झिरी मारायची आणि तळाच्या प्लायच्या कडेला पताम मारून चार मिमीची जीभ काढायची. मग प्लाय कितीही कमी-जास्त जाडीची येवो.

शेल्फसाठी मात्र एक साधा साचा करून ठेवा. दोन पट्ट्या तयार करायच्या. प्रत्येकीत खाली ६ मिमी प्लायची रुंद पट्टी, आणि तिच्यावर एका कडेला धरून १२ मिमी एमडीएफची सरळ पट्टी चिकटवलेली, ती झाली गाईड. खालची पट्टी गाईडपासून एवढी रुंद ठेवा की यंत्राचा बेस गाईडला टेकवला तरी बिट पट्टीवरच येईल. आता १२ मिमीचं बिट लावा, बेस गाईडला घासत नेऊन जास्तीची पट्टी छाटून टाका. छाटलेली कड आता बिट जिथे कापतं नेमकी तिथेच आहे. दुसरी पट्टीही तशीच.

वापरताना दोन्हींच्या छाटलेल्या कडा समोरासमोर ठेवा आणि मध्ये जी प्लाय बसवायची आहे तिचाच तुकडा उभा दाबून धरा. दोन टोकांना आडव्या पट्ट्या स्क्रूने आवळा, त्यातली एक गुण्याने काटकोनात. तुकडा काढला की उरलेली फट म्हणजे तुमच्या प्लायची खरी जाडी, कुठलाही आकडा न मोजता. साचा फळीवर शिकंज्याने धरायचा, जाताना डाव्या गाईडला घासत जायचं, येताना दुसऱ्या गाईडला घासत यायचं. शेल्फ हाताने दाबल्यावर हलकासा ‘टक’ होऊन बसलं की साचा जमला.

यात दोन गोष्टी लोक विसरतात. एक, साचा ज्या बिटाने छाटला त्याच व्यासाचं बिट पुढेही लावायचं. दोन, स्वस्त यंत्राचा बेस कॉलेटभोवती अगदी मध्यावर नसतो. बेसच्या एका बाजूवर मार्करने खूण करा आणि कायम तीच बाजू गाईडला लावा.

खाच सरळ येत नाही, यंत्र बाजूला ओढतं. गाईड डाव्या बाजूला लावायचं की उजव्या?

हातात धरलेल्या राउटरचं बिट वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. यंत्र पुढे ढकलताना लाकूड त्याला डावीकडे रेटतं. म्हणून फळीवर आडवी धरलेली गाईडपट्टी नेहमी जाण्याच्या दिशेच्या डाव्या हाताला. यंत्र स्वतःच तिला चिकटून राहतं. उजवीकडे लावली तर ते पट्टीपासून पळतं, आणि खाचेला पोट येतं.

यंत्रासोबत येणारं लोखंडी गाईड, जे फळीच्या कडेवर घासत जातं, त्याचं मात्र उलटं. ते फळीच्या बाहेर लटकतं, त्यामुळे कड उजव्या हाताला हवी, तेव्हाच रेटा त्याला कडेवर आवळतो. इथे बहुतेक जण गोंधळतात. पट्टीचा नियम पाठ करून लोखंडी गाईडला लावतात आणि यंत्राला शिव्या देतात.

फळीच्या बाहेरच्या कडेवर काम असेल तर कडेसमोर उभं राहून डावीकडून उजवीकडे जायचं. चौकटीच्या आतल्या कडेवर घड्याळाच्या दिशेने. यंत्र टेबलाखाली उलटं लावलं की सगळं पालटतं, लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलायचं.

एका फेरीत किती खोल जायचं?

बिटाच्या व्यासाच्या निम्मं. ६ च्या बिटाने ३ मिमी. पाइन किंवा मऊ प्लाय असेल तर थोडं जास्त चालतं, बाभूळ किंवा शिसव असेल तर कमी. आवाज खाली बसला की तुम्ही जास्त घेतलंय.

खाच काळी पडते, जळका वास येतो.

बिट एका जागी रेंगाळतंय. फेरी उथळ ठेवा आणि हात न थांबवता, एका चालीने जा. घाबरून हळू जाणारेच जास्त जाळतात. तरी जळत असेल तर बिटावर डिंक साचलाय किंवा धार गेलीय. बिट काढून कपडे धुण्याच्या पावडरच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. बेअरिंग असेल तर ते आधी काढा. धार लावायची असल्यास पात्याच्या सपाट तोंडावर डायमंड पट्टी चार वेळा फिरवा. बाहेरच्या उतारावर फिरवलीत तर व्यास बदलेल.

प्लायची वरची साल उचकटते.

लाकडाच्या रेषांना आडवं जाताना होतं. खाचेच्या दोन्ही रेघा कटर-सुरीने आधी खोलवर कापून घ्या, किंवा मास्किंग टेप दाबून लावा. बिट जिथून फळीबाहेर पडतं तिथे एक टाकाऊ तुकडा शिकंज्याने चिकटवून ठेवा, म्हणजे फाटलं तर तो तुकडा फाटेल.

साध्या एक्स्टेंशन बोर्डावर चालेल का?

ट्रिमर चालतो. मोठा राउटर १६५० वॅटचा असेल तर सात अँपिअरच्या पुढे ओढतो, तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावायचा नाही. १६ च्या सॉकेटवर, जाड तारेने, आणि तारेचं वेटोळं पूर्ण सोडवून.

याला जोडून एक गोष्ट. काम चालू असताना वीज गेली की बटणाचं लॉक तसंच राहतं आणि तुम्ही यंत्र टेबलावर ठेवून चहाला जाता. वीज परत येते तेव्हा यंत्र टेबलावर धावत असतं. वीज गेली की आधी बटण, मग प्लग, मग चहा.

मास्क, चष्मा खरंच लागतो?

चष्मा प्रत्येक वेळी. मास्क एन ९५ चा, कारण राउटरचा भुसा करवतीपेक्षा बारीक असतो. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते असं आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे, आणि सुतारकामात आपण हे सगळ्यात हलक्यात घेतो. कानात बोळे घाला. शेजाऱ्यांच्या कानांचं काय करायचं ते सोसायटीच्या बैठकीत ठरतं.

खऱ्या लाकडाचा दिलहा खाचेत घट्ट बसवू का?

नको. प्लाय घट्ट चालते, लाकूड नाही. उन्हाळ्यात केलेला आंब्याचा किंवा फणसाचा दिलहा कोकणातल्या पावसाळ्यात फुगतो आणि चौकटीचे सांधे उघडतो. रुंदीच्या दिशेने दोन्ही बाजूंना दोन-तीन मिमी जागा सोडा, आणि खाचेत गोंद अजिबात घालू नका. सागवान कमी हलतं, तरी जागा सोडाच.

ड्रिल मशीनला राउटर बिट लावून झिरी मारता येईल?

नाही. ड्रिल तीन हजार फेरे फिरतं, आणि त्याचा चक बाजूचा रेटा सहन करायला केलेला नसतो. ग्राइंडरला लावायचं तर मनातही आणू नका.

मला आयुष्यात दोनच ड्रॉवर करायचे आहेत. तरी घेऊ का?

मग नका घेऊ. जवळच्या सुताराकडे फळ्या कापून, झिरीच्या रेघा आखून न्या आणि तळाच्या प्लायचा तुकडाही सोबत न्या. तो अर्ध्या तासात मारून देईल. फक्त ‘सहाची मारा’ असं सांगू नका, तो तुकडा हातात द्या.